मुंगूस पाहिल्याची साक्ष

१९२९ साली, भातकापणीच्या दिवसांत, एका बुधवारी सकाळी साडेसातच्या सुमारास चौल येथील एका घराच्या मागच्या अंगणात काळ्या कोंबडीवर हल्ला झाला. कोंबडी वाचली. पाठीवरची पिसं गेली आणि डाव्या मांडीला जखम झाली. हल्ल्याचा साक्षीदार एकच होता. तो मी.

त्या वेळी मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. बाहेरून आलेल्या बातम्या तपासणं हे माझं काम. खात्री न झालेली ओळ आपल्या टेबलावरून पुढे जात नाही, असं मी लोकांना सांगत असे. कुणी विचारलेलं नसतानाही सांगत असे. हिवतापानं दोनदा आडवं केल्यावर संपादकांनी दोन महिन्यांची रजा दिली, समुद्रकाठी जाऊन राहा म्हणाले, आणि मी दारापर्यंत पोहोचलो तेव्हा तिकडचं एक वार्तापत्र दर आठवड्याला पाठवायलाही सांगितलं. रेवसपर्यंत बोटीनं आणि पुढे टांग्यानं मी चौलला आलो आणि एका तेल्याच्या घरी पडवीतली खोली घेतली.

घरमालक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, होते. गावात त्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. वय साठीच्या पुढे, अंगानं काटक. दोन्ही हात कोपरापर्यंत खोबरेल तेलानं कायमचे चकचकीत. डोक्याला तांबडं पागोटं. ते माणसांना अरे-तुरे करत आणि जनावरांना अहो-जाहो. सकाळी घाण्याच्या बैलाला झापड बांधताना "या, उभे राहा, वेळ झाली" असं म्हणत आणि त्याच दमात शेजारच्या पाटलाला "काय रे, आज उशीर?" असं विचारत. मला ते पहिल्या दिवसापासून "तुम्ही" म्हणत. मी तो माझ्या शिक्षणाचा मान समजलो. त्यांनी मला कोणाच्या रांगेत बसवलं होतं, हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले.

गावात कुणीही काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे. रेवदंड्याच्या खाडीत पडाव फुटला. "पाहिलास?" वरच्या आळीत वाघरू आलं होतं. "पाहिलंस?" सांगणारा "न्हाय, पन लोक म्हंतात" म्हणाला की ते पाठ फिरवून घाण्याकडे वळत. एकदा गावातल्या एका तरुणानं आपलं लग्न ठरल्याचं ओट्यावर येऊन सांगितलं.

"पाहिलीस?"

"न्हाय. काकानं बघितलीय."

"मग काकाचं ठरलं."

मी संध्याकाळी त्यांना माझं वर्तमानपत्र वाचून दाखवी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला अडवलं.

"हे लिहिणारा तिथं होता?"

"बातमीदार होता."

"आणि तुम्ही?"

"मी कार्यालयात असतो. बातमी तपासतो."

"न पाहता?"

मी त्यांना अर्धा तास वृत्तपत्राचं काम समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यानंतर ते फक्त खोबऱ्याचे आणि तेलाचे भाव ऐकत. ते भाव त्यांनी स्वतः बाजारात पाहिलेले असत, त्यामुळे ताळा घेता येई. शनिवारी तेही नको असत. "आज धंद्याचं काही नको," असं म्हणून ते धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसत. मग वाचण्यासारखा अग्रलेखच उरे. अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदाला ते झोपत. तो कधी कधी मी लिहिलेला असे.

आता बुधवारची हकिगत. मागच्या अंगणाला बेडं होतं. दोन खांबांना भोकं पाडून त्यांत बांबूच्या तीन आडव्या दांड्या सरकवायच्या, असं ते फाटक. आत-बाहेर करताना दांड्या परत सरकवा, असं घरमालकांनी मला तीनदा सांगितलं होतं. बुधवारी सकाळी विहिरीवरून दाढीचं पाणी आणताना माझ्या दोन्ही हातांत भांडी होती. दांड्या राहिल्या. अर्धी दाढी झाली असताना मागे कलकलाट झाला. मी धावत बाहेर गेलो तेव्हा शेजाऱ्यांचा पिवळा कुत्रा उघड्या बेड्यातून बाहेर चालला होता. घाईत नव्हता. त्याच्या तोंडात काळी पिसं होती.

मी पहिलं काम केलं ते दांड्या सरकवण्याचं. कोंबडी कुठे आहे, हे मी त्यानंतर पाहिलं.

घरमालक वाडीतून आले. माझ्या एका गालावर साबण होता.

"काय होतं?"

"मुंगूस."

"पाहिलंत?"

"पाहिलं."

इथवर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नुसती बातमी मला अपुरी वाटते. मी तिला तपशील दिला. मुंगूस दगडी गडग्याखालून आलं, रंगानं भुरकट, शेपूट हातभर, आणि त्यानं पुढच्या पंजानं कोंबडीच्या पाठीवर झडप घातली, असं सांगितलं.

"पंजानं?" त्यांनी विचारलं.

"पंजानंच. नखं रुतलेली पाहिली."

ते मटकन खाली बसले. एका कोंबडीसाठी हे फार झालं, असं मला वाटलं.

कोंबडी झावळ्यांच्या ढिगात शिरली होती. मी तिला ओढून काढायला वाकलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू द्या. आत्ता हात लावलात तर भीतीनंच जातील त्या." ते तिच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसले आणि तिच्याकडे न पाहता बसून राहिले. कोंबडीची चोच उघडी होती, डोळे अर्धे मिटलेले होते, छाती धपापत होती. पाऊण तासानं श्वास खाली बसला. मग त्यांनी तिच्यावर जुनं धोतर अलगद टाकलं, तिला त्यात गुंडाळलं आणि घाण्याच्या खोपटात अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं. मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धुतली. पहिल्या घाणीच्या तेलात हळद कालवून लावली. पाणी तोंडात ओतलं नाही. बोट बुडवून चोचीच्या कडेला लावत राहिले, ती आपणहून गिळेपर्यंत. मग तिला डालग्याखाली ठेवून वर गोणपाट टाकलं. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचतात, म्हणून त्यांना दुसऱ्या बाजूला कोंडलं.

घाणा करकरतो, त्या आवाजानं ती दचकत होती. घाणा दोन दिवस बंद राहिला. बैल झापडाशिवाय उभा होता आणि काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

हे एवढं सगळं कशासाठी, ते मला घरमालकांच्या बायकोनं सांगितलं. मी त्यांना मावशी म्हणत असे. मावशींचा एकुलता मुलगा एडनला बंदरात नोकरीला होता. वर्षापूर्वी त्याचं पत्र चार महिने आलं नव्हतं. तेव्हा त्यांनी या कोंबडीच्या डोक्यावर हात ठेवून नवस बोलला: पोरगा सुखरूप घरी आला की मलिदा करीन आणि त्या दिवशी हीच कोंबडी रांधीन. मलिदा म्हणजे एलिया नबीच्या नावानं प्रार्थना करून वाटायचे गोड पोहे. सोबत तबकात कोंबडीचं भाजलेलं काळीज ठेवायचं. आता मुलाचं पत्र आलं होतं. सहा आठवड्यांनी तो येणार होता.

म्हणजे कोंबडीला जगवायचं होतं ते कापण्यासाठी. मला यात विनोद दिसला. तो मी वार्तापत्रात घालायचंही ठरवलं.

गुरुवारी घरमालक दोन मैल चालत रेवदंड्याला हजानकडे जाऊन आले. हजान म्हणजे त्यांच्या प्रार्थनालयाचा प्रमुख. पक्षी-बकरं कापण्याचा अधिकारही त्याचाच. परत आल्यावर ते थेट डालग्यापाशी जाऊन बसले. शुक्रवारी सकाळी डालग्याखाली एक अंडं सापडलं. ते त्यांनी आणून माझ्यासमोर ठेवलं. "हे तुम्ही खा." मी आभार मानले आणि मीठ-मिरी लावून खाल्लं. रविवारी आणखी एक आलं. तेही माझ्याकडे आलं.

"मावशींना का देत नाही?" मी तोंडात घास असताना विचारलं.

"आम्हाला चालत नाही. हिंस्र जनावरानं नख लावलेला पक्षी आमच्यात खात नाहीत. नखातून विष उतरतं असं धरतात. त्याचं अंडंही नाही चालत."

"मग नवसाचं काय?"

"तोच घोर आहे. हजान म्हणाला, नख लागलं तरी पक्षी जगणारा असेल तर एक खूण आहे. पोटात तयार असलेली अंडी संपू द्या. मग खंड पडू द्या. त्यानंतर परत नव्यानं घालू लागली तर शंका फिटली. पण कापायच्या आधी घालायला हवी." त्यांनी मीठ माझ्याकडे सरकवलं. "कुत्रा असता तर प्रश्नच नव्हता. कुत्र्याच्या पंजाला आमच्यात दोष नाही."

मी अंडं गिळलं.

त्या क्षणी सांगायला हवं होतं, हे मला समजत होतं. मी सांगितलं नाही. आधी कोंबडी बरी होऊ दे, अंडं घालू दे, मग सांगायची गरजच राहणार नाही, असा हिशेब मी मांडला. तो हिशेब पाच आठवडे चालला. या काळात कोंबडीची सेवा मी इतकी केली की मावशी मला आशीर्वाद देत. दुपारचे दोन तास मी खोपटात पहाऱ्याला बसे. घरमालकांनीच ते काम दिलं होतं. "तुम्ही पाहणारे माणूस," असं ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

त्यांच्या सांगण्यावरून मी वहीत रोज कोंबडीची नोंदही ठेवी. पहिल्या दिवशी मी लिहिलं, "प्रकृती समाधानकारक."

"समाधान कुणाचं?" त्यांनी विचारलं. "त्यांचं की तुमचं?"

मी ते खोडून "तांदळाचे सात दाणे खाल्ले, एकदा मान वर केली" असं लिहिलं. त्यांनी मान डोलावली. माझं लेखन त्यांनी मान्य केल्याचा तो पहिला प्रसंग. त्या दोन महिन्यांत संपादकांना पाठवलेल्या वार्तापत्रांपैकी दोन छापून आली. कोंबडीच्या वहीची मात्र रोज तपासणी होई, आणि तपासणारा कोंबडी पाहून येई.

जखम बारा दिवसांत सुकली. भीती सुकली नाही. अंगणावरून कावळ्याची सावली सरकली तरी कोंबडी जमिनीला चिकटे. यावर घरमालकांनी नियम केले. घाणा पुन्हा सुरू केला तो बैलाला थांबवत थांबवत, पहिल्या दिवशी दहा फेऱ्या, दुसऱ्या दिवशी वीस. बैलाच्या गळ्यातली घंटा काढली. अंगणात छत्री उघडायला बंदी केली, कारण उघडी छत्री खालून घारीसारखी दिसते. मी म्हटलं, हे तुम्हाला कसं ठाऊक? त्यांनी मला अंगणात उताणं झोपायला लावलं आणि वर छत्री उघडली. त्या वेळी टपाल घेऊन आलेला माणूस बराच वेळ दारातच उभा राहिला.

मग ते रोज तिसऱ्या प्रहरी कोंबडीला काखेत घेऊन अंगणात बसू लागले. आधी ओट्यावर, मग पायरीवर, मग जमिनीवर. रोज हातभर पुढे. चौथ्या आठवड्यात ती काखेतून उतरली आणि राखेच्या ढिगात लोळली. घरमालक घरात जाऊन मावशींना हाताला धरून घेऊन आले. 

"आंग झाडतेय बघा," मावशी म्हणाल्या. "पर अंडं कवा घालनार?"

अंडं येत नव्हतं. मावशी रोज पहाटे डालग्याखाली हात घालत आणि रिकामा हात पदराला पुसत. घरमालकांनी दुसरी कोंबडी सुचवली. हजानही म्हणाला होता की नवस मलिद्याचा आहे, कोंबडी कुठलीही चालेल. मावशी ऐकेनात. "हात हिच्यावर ठेवून बोललेय मी. पोरगा अजून समुद्रावर हाय." त्या एका वेळी जेवू लागल्या. एका सकाळी रिकामा हात पुसता पुसता त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी बघितलात म्हनून बरं. न्हायतर आमी तशीच खाल्ली असती आनि पाप लागलं असतं."

मी खोपटात गेलो. घरमालक घाण्यात खोबरं टाकत होते.

"मुंगूस नव्हतं," मी म्हटलं. "कुत्रा होता."

त्यांनी बैल थांबवला नाही. "पाहिलात?"

"जाताना पाहिला. तोंडात पिसं होती. चावताना नाही पाहिला."

"बेडं?"

"मी उघडं टाकलं होतं."

"ते मला त्याच दिवशी कळलं. खालची दांडी तुम्ही उलटी सरकवली होती. जाडं टोक नेहमी डावीकडे असतं."

"मग मला परत विचारलं का नाहीत?"

"विचारलं होतं. तुम्ही पाहिलं म्हणालात. पाहिलं म्हणणाऱ्याला मी दुसऱ्यांदा विचारत नाही." त्यांनी हात पुसले. "मी मुंगूस पाहिलं नाही, तसा कुत्राही पाहिला नाही. हजानला काय सांगणार? पागोटं घालतो. चला."

रेवदंड्याचा रस्ता नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून जातो. दोन मैल ते माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. हजान ओसरीवर चाकू घासत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मुंगूस अजिबातच नव्हतं?"

"नव्हतं."

"पण शेपूट हातभर, असं यांना सांगितलंत."

"सांगितलं."

"आणि आता कुत्रा. त्याची शेपूट केवढी?"

 हजान हसला नाही. तो घरमालकांकडे वळून म्हणाला, "यांचं आधीचं धरता येत नाही, तर आत्ताचं तरी कसं धरायचं? तेव्हा यांना सोडूनच देऊ. मग उरतं काय? कोंबडीला जखम झाली, कुणी केली ते कुणी पाहिलं नाही. कुत्रा की मांजर असा संशय असला, तर कुत्रा धरायचा, असं आमच्याकडे सांगून ठेवलंय. कोंबडी खायला चालते. दाणे खाते ना?"

"खाते."

"मी येईन. कापल्यावर आतून पाहीन."

मी आयुष्यात दिलेली ही एकमेव खरी साक्ष. ती मान्य झाली नाही. तिच्यामुळे आधीची साक्ष तेवढी रद्द झाली.

मावशींना बेड्याची हकिगत मीच सांगितली.  त्या म्हणाल्या, "आनि दोन अंडी खाल्लात?" त्यानंतर त्या घरात गेल्या आणि त्या दिवशी दोन्ही वेळा जेवल्या.

घरमालकांनी नियम मागे घेतले नाहीत. छत्रीची बंदी शेवटच्या दिवसापर्यंत होती. तिसऱ्या प्रहरी ते कोंबडीला घेऊन अंगणात बसत आणि आता ती त्यांच्या काखेत डोकं खुपसून झोपे. नोंदवही त्यांनी मागितली नाही. मीही लिहिली नाही.

मुलगा मंगळवारी आला. एडनच्या उन्हानं काळवंडलेला, वजनानं बरा. मलिदा गुरुवारी होता. सकाळी हजान आला आणि त्यानं चाकूची धार नखावरून फिरवून पाहिली. कोंबडी आणायची वेळ झाली तेव्हा घरमालक वाडीत पाटाचं पाणी वळवायला गेले होते. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. खोपटातून कोंबडी मी आणली. तिनं झटापट केली नाही.

हजाननं आतून तपासली. हाड शाबूत होतं, जखम आतपर्यंत गेली नव्हती. पोटात कवच धरलेलं एक अंडं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते घातलं असतं.

दुपारी प्रार्थना झाली. तबकात पोहे, खोबरं, केळी आणि काळीज होतं. तीस-एक माणसं जेवली. घरमालकांनी मलिद्याची एक मूठ घेतली आणि पुढचं ताट नको म्हणाले. मी रस्सा दोनदा मागून घेतला.